वडिलांच्या कारखान्यातला असेम्बल्ड पीसी, मॅकओएस सिकोया आणि सोलापूरचा उन्हाळा

जकार्डवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

घरातल्या असेम्बल्ड पीसीवर मॅकओएस सिकोया, म्हणजे ॲपलच्या मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम, बसवलं आहे. रोजच्या वापरात ते टिकतंय याची खात्री पटली, म्हणून हा धागा काढतोय.

धाकट्या बहिणीला आयफोनची ॲप लिहायला शिकायचंय. त्याला एक्सकोड हे ॲपलचं ॲप लिहायचं सॉफ्टवेअर लागतं आणि एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. नवा मॅक आत्ता घराला झेपणार नाही. वडिलांच्या कारखान्यातला पीसी मात्र माळ्यावर पडून होता. २०१८ च्या दिवाळीतली जुळणी: इंटेल आय५-८४००, बी३६० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क आणि जीटीएक्स १०५० टीआय हे एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड. चादरीची डिझाइनं त्याच्यावर निघायची. माग विकले तेव्हा तो घरी आला.

आधी परवान्याचं बोलतो, नाहीतर पुढे त्यावरच दहा प्रतिसाद पडतील. मॅकओएस फक्त ॲपलच्याच मशीनवर बसवता येईल असं ॲपलच्या परवान्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे हे परवान्याबाहेरचं काम आहे. घरी शिकण्यासाठी करायचं की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं. असं मशीन तयार करून विकणं मात्र पूर्ण चुकीचं, त्यात मी कुणालाच मदत करणार नाही. अमेरिकेत सायस्टार नावाच्या कंपनीनं २००८ मध्ये अशी मशीन विकायला काढली होती. ॲपलनं दावा लावला, २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूनं लागला आणि २०११ मध्ये अपिलातही तोच कायम राहिला.

आता मशीन. कॅबिनेट उघडल्यावर आत जे होतं ते मागाजवळ राहणाऱ्या कुणालाही ओळखू येईल. हीटसिंकच्या पात्यांत सुताची लव गच्च बसलेली, पंख्यामागे तिचा नमदा झालेला. साध्या धुळीसारखी ही ब्लोअरनं उडत नाही. पंखा काढा, चिमट्यानं थर उचला, मग ब्रश, आणि शेवटी ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर पंखा भरधाव फिरून बेअरिंग जातं. वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. पॉवर सप्लायमध्येही लव होती, पण तो मी उघडला नाही आणि तुम्हीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये भार राहतो. तो सरळ बदलून ४५० वॉटचा ८० प्लस ब्राँझ घेतला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला जातो, त्यात सात वर्षं लव खाल्लेल्या सप्लायवर नवीन एसएसडी लावायचं माझं मन होईना.

यातला सगळ्यात मोठा निर्णय होता कार्ड काढून टाकायचा. जीटीएक्स १०५० टीआय हे पास्कल पिढीचं. त्या पिढीचे मॅकवरचे ड्रायव्हर हाय सिएरापर्यंत, म्हणजे २०१७ च्या आवृत्तीपर्यंतच निघाले. पुढे काहीच आलं नाही, आणि कुठलीही युक्ती केली तरी येणार नाही. त्यानंतरच्या जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स मालिकांना तर मॅकवर कधी ड्रायव्हर मिळालाच नाही. आय५-८४०० मध्ये मात्र यूएचडी ६३० ग्राफिक्स आतच आहे, आणि खऱ्या आयमॅकमध्येही तेच वापरलेलं असल्यामुळे त्याचे ड्रायव्हर मॅकओएसमध्ये आहेत. कोड लिहायला आणि सिम्युलेटर (पडद्यावरचा नकली आयफोन) चालवायला ते पुरतं. कार्ड काढलं, मशीन थंड झालं, वीजही वाचली.

मग वाढवल्या त्या दोनच गोष्टी. रॅम १६ जीबी केली. हार्ड डिस्कच्या जागी ५१२ जीबीचं एनव्हीएमई एसएसडी घातलं. एक्सकोड आणि सिम्युलेटर मिळून एवढी जागा खातात की २५६ जीबी घेणाऱ्याला लवकरच पश्चात्ताप होईल.

मॉनिटरबद्दल वेगळं सांगतो, कारण जुन्या मशीनवाल्यांचं घोडं इथेच अडतं. कारखान्यातला मॉनिटर व्हीजीएचा होता. सहाव्या पिढीपासूनच्या इंटेल ग्राफिक्सला मॅकओएसमध्ये व्हीजीए चालत नाही. बोर्डावर व्हीजीएचं भोक आहे म्हणून त्यावर विसंबू नका. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर हवा.

आता मुख्य भाग: ओपनकोअर. ॲसिडँथेरा या गटानं बनवलेला हा बूटलोडर. मशीन चालू झालं की तो आधी उठतो आणि मॅकओएसला हा साधा पीसी आयमॅकसारखा दिसेल अशी तजवीज करतो. त्याच्यासोबत केक्स्ट, म्हणजे मॅकचे ड्रायव्हर म्हणा, ठेवावे लागतात. लिलू हा पाया. खऱ्या मॅकमध्ये एसएमसी नावाची चिप असते, तिची जागा व्हर्च्युअलएसएमसी घेतो. व्हॉटएव्हरग्रीन ग्राफिक्ससाठी, ॲपलएएलसी आवाजासाठी. आणि नेटवर्कचा तुमच्या चिपप्रमाणे, माझ्या बोर्डावर रिअलटेक ८१११ आहे म्हणून त्याचा.

याखेरीज एसएसडीटीच्या छोट्या फायली, बोर्डाची रचना मॅकओएसला समजेल अशी सांगणाऱ्या. बी३६० ला चार लागतात. प्लग ही प्रोसेसरच्या पॉवर मॅनेजमेंटसाठी. ईसी-यूएसबीएक्स मॅकला हवा तसा एम्बेडेड कंट्रोलर दाखवते आणि यूएसबीच्या विजेचं बघते. या बोर्डांत नव्या तऱ्हेचं घड्याळ आहे आणि मॅकओएसला जुनंच कळतं, तिथे अवॅक. चौथी पीएमसी. ती नसेल तर या चिपसेटवर एनव्हीरॅम चालत नाही, म्हणजे केलेल्या सेटिंग रीस्टार्टनंतर उडून जातात.

हे सगळं कॉन्फिग डॉट पीलिस्ट या एका फायलीत मांडायचं असतं. इथे माझं ठाम मत आहे: दुसऱ्याची तयार ईएफआय (ओपनकोअर, केक्स्ट आणि कॉन्फिगचं फोल्डर) उतरवून घेऊ नका. ज्यांच्या घरी जकार्ड होतं त्यांना लगेच पटेल. पुठ्ठ्याच्या कार्डातलं प्रत्येक भोक ठरवतं की ताण्याचा कुठला धागा उचलायचा. शेजारच्या मागाची कार्डं आणून आपल्या मागाला लावली तर कापड विणलं जाईल, पण फूल कुठे उमटेल याचा भरवसा नाही, आणि चूक प्रत्येक नक्षीत फिरून येईल. नेमकं कुठलं कार्ड बिघडलंय हे ज्यानं ती स्वतः पंच केली त्यालाच सापडतं. डोर्टानियाचा ओपनकोअरवरचा ऑनलाइन मार्गदर्शक घ्या, आपल्या प्रोसेसरच्या पिढीचं पान उघडा (आठवी-नववी पिढी म्हणजे कॉफी लेक) आणि ओळ न् ओळ वाचत भरा. मी वहीत डाव्या बाजूला सेटिंग आणि उजव्या बाजूला ती का, असं लिहीत गेलो. आज काही अडलं की ती वहीच उघडतो.

बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) बंद करायच्या गोष्टी: फास्ट बूट, सिक्युअर बूट, सीएसएम, सिरियल पोर्ट, सीएफजी लॉक. चालू करायच्या: अबव्ह ४जी डिकोडिंग, एक्सएचसीआय हँड-ऑफ. साटा मोड एएचसीआय, आणि डीव्हीएमटी ६४ एमबी.

मॅकचं मॉडेल आयमॅक १९,१ ठेवलं. हे २०१९ चं मॉडेल सिकोयाच्या यादीत आहे आणि त्यात ॲपलची टी२ ही सुरक्षेची चिप नाही, त्यामुळे अपडेट सेटिंगमधूनच सरळ येतात. सिकोयाच का? एक्सकोड २६.० ला किमान सिकोया १५.६ लागतं. शिवाय एप्रिल २०२६ पासून ॲप स्टोअरवर नवं ॲप चढवायचं तर ते आयओएस २६ च्या एसडीकेनं (एक्सकोड २६ सोबत येणाऱ्या साधनसंचानं) बांधलेलं असावं, असा ॲपलचा नियम आहे. यापेक्षा जुनं बसवून बहिणीचा फायदा नव्हता.

इन्स्टॉलर कुठल्याही टॉरेंटवरून घेऊ नका. ओपनकोअरसोबतच मॅकरिकव्हरी नावाची स्क्रिप्ट येते. ती विंडोजवर पायथॉनमधून चालवली की रिकव्हरी थेट ॲपलच्या सर्व्हरवरून उतरते. एफएटी३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर ती आणि ईएफआय फोल्डर ठेवायचं. बाकीचे दहा-पंधरा जीबी बसवताना इंटरनेटवरून येतात, म्हणून लॅनची केबल हवीच. आणि यूपीएस. मी रात्री जेवणानंतर सुरू केलं, त्या वेळी आमच्या भागात लाइट सहसा जात नाही.

आज काय चालतंय: ग्राफिक्स, आवाज, लॅन, स्लीप, अपडेट, एक्सकोड, सिम्युलेटर. वायफाय मी लावलेलंच नाही. विचारा काय विचारायचं ते.

---

भुईकोट

सविस्तर लिहिलंत, आभार. वाचनखूण साठवली. पण मूळ मुद्द्यालाच हात घालतो. ॲपलनं जून २०२५ मध्ये सांगून टाकलं की ताहो, म्हणजे सिकोयानंतरची मॅकओएस, ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती. पुढची फक्त त्यांच्या स्वतःच्या चिपवर. मग जो रस्ता पुढे बंद होणार हे माहीत आहे त्यावर एवढी मेहनत कशाला? वापरलेला एम१ (ॲपलच्या चिपचा) मॅक मिनी घ्या, मोकळे व्हा.

---

जकार्डवाला

तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि अर्ध्या लोकांना माझंही उत्तर हेच असेल. ज्याला प्रोसेसर, बोर्ड, रॅम सगळंच विकत घ्यायचंय त्यानं या वाटेला जाऊ नये. त्या पैशात थोडी भर घालून एम१ मिनीच घ्यावा. तो कमी वीज खातो, गरम होत नाही आणि पुढची काही वर्षं त्याला नवीन आवृत्त्या मिळतील.

आमच्याकडे मशीन घरात होतं. रॅम, एसएसडी आणि पॉवर सप्लाय, एवढाच खर्च. यातली एकही वस्तू वाया जाणार नाही, कारण आठवी पिढी विंडोज ११ च्या यादीत बसते. उद्या मॅकओएस थांबलं तरी पीसी म्हणून तो चालूच राहील.

मेहनतीचं म्हणाल तर बहिणीनं बूट होताना पडद्यावर धावणाऱ्या ओळी वाचायला शिकून घेतल्या. मशीन कुठे थांबलं, का थांबलं, हे ती आता मला सांगते. कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय तिनं पाठ केला होता, इथे तिला तो चालताना दिसला. माझ्या लेखी या उद्योगाचा एवढा एकच लाभ असता तरी मी तो केला असता.

---

बाळीवेस

मालक, छान काम. मी या नादाला कॅमेलिऑन या जुन्या बूटलोडरच्या काळापासून आहे. ॲपलनं २००५ मध्ये पॉवरपीसी सोडून इंटेल घ्यायचं जाहीर केलं, २००६ च्या जानेवारीत पहिले इंटेल मॅक आले, आणि तिथून हा खेळ सुरू झाला. कॅमेलिऑन, मग क्लोव्हर, मग ओपनकोअर. आधीच्या दोन्हींत बरंच काही पडद्याआड आपोआप व्हायचं. ओपनकोअर तुम्हाला प्रत्येक गोष्ट लिहायला लावतो. सुरुवातीला त्रास वाटतो, पण काही मोडलं तर कुठे मोडलं ते कळतं. तयार ईएफआय घेऊ नका हे तुमचं वाक्य धाग्याच्या वर चिकटवून ठेवा.

एक भर घालतो. यूएसबीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. स्लीप चालतंय म्हणताय म्हणजे मॅपिंग केलेलंच असणार. तेही लिहा, नव्वद टक्के पोरं तिथे अडकतात.

---

जकार्डवाला

अण्णा, बरोबर. तो भाग लांबेल म्हणून वेगळा ठेवला होता, इथेच लिहितो.

मॅकओएस एका यूएसबी कंट्रोलरवर १५ च पोर्ट मानतं. आपण बाहेरून मोजतो त्यापेक्षा ते जास्त भरतात, कारण यूएसबी ३ चं एक भोक दोन पोर्ट धरलं जातं, एक जुन्या वेगाचा आणि एक नव्या. पुढच्या पॅनेलचे, मागचे, बोर्डावरचे हेडर असं सगळं मिळून आकडा सहज १५ च्या वर जातो. मर्यादा उठवणारी एक सेटिंग ओपनकोअरमध्ये आहे, पण बिग सर ११.३ पासून तिचा भरवसा राहिला नाही.

म्हणून विंडोज असतानाच यूएसबीटूलबॉक्स चालवा. प्रत्येक भोकात एकदा यूएसबी २ चा आणि एकदा यूएसबी ३ चा पेन ड्राइव्ह लावत जा. कुठल्या भोकाचा कुठला क्रमांक ते तो दाखवतो. लागणारे पोर्ट ठेवा, बाकीचे गाळा, आणि तो केक्स्ट बनवून देतो. ब्लूटूथसारखं जे बोर्डाच्या आतून जोडलेलं आहे त्याला अंतर्गत हाच प्रकार द्या, नाहीतर मशीन झोपवलं की लगेच जागं होतं.

मॅपिंग नसेल तर बसवतानाच बहुतेकदा 'वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' अशी ओळ येऊन सगळं थांबतं. आमच्याकडेही तेच झालं. पेन ड्राइव्ह पुढच्या पॅनेलवरून काढून मागच्या यूएसबी २ मध्ये लावला, तशी गाडी पुढे सरकली.

---

सातरस्ता

माझ्याकडे अकराव्या पिढीचा आय५ लॅपटॉप आहे, आयरिस एक्सई ग्राफिक्स. होईल का? आणखी एक, घरचा जुना पीसी आय५-७४०० आहे, त्याला विंडोज ११ घेत नाही म्हणतंय.

---

बाळीवेस

लॅपटॉपचा विचार सोडून दे. आयरिस एक्सई ॲपलनं कधी वापरलंच नाही, त्यामुळे ड्रायव्हर नाही. पडदा दिसेल, पण ग्राफिक्सचा वेग शून्य. डेस्कटॉप असता तर वेगळं कार्ड टाकून भागलं असतं, लॅपटॉपला ती सोय नाही. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्ससाठी दहाव्या पिढीला गाडी थांबते.

७४०० बद्दल. विंडोज ११ आठव्या पिढीपासून पुढे घेतं, म्हणून ते नाही म्हणतंय. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरातल्यांना ब्राउझर, बिलं, यूट्यूब एवढंच हवं असेल तर लिनक्स मिंट टाक. त्या मशीनवर ते मख्खन चालतं आणि अपडेटही मिळत राहतात. सातव्या पिढीवर मॅकओएस व्हेंच्युरापर्यंत सरळ बसतं, पण एवढ्या मागच्या आवृत्तीवर आज नव्यानं सुरुवात करू नये असं माझं मत.

---

चार_मिनार_चा_सोलापूरकर

नमस्कार. आम्ही मूळचे पाच्छा पेठेतले, आता हैदराबादेत. सोलापूरच्या मित्रांना सुटे भाग लागले तर सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये वापरलेला माल भरपूर असतो, मी येताना आणू शकतो. पण ग्राफिक्स कार्डाबद्दल सावध करतो.

मी स्वतःसाठी व्हिडिओ एडिटिंगला एएमडीचं आरएक्स ५८० घेतलं. ५८० मॅकओएसमध्ये उत्तम चालतं हे खरं आहे. पण घरी लावल्यावर मॅकओएसनं ते ओळखलंच नाही. विंडोजमध्ये जीपीयू-झेड हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर लावून पाहिलं तर शेडर (कार्डातले गणित करणारे भाग) २०४८. अस्सल ५८० ला २३०४ असतात. बाजारात ५८० च्या नावानं २०४८एसपी ही वेगळी जात फिरते, आतून ती ५७० च्या जवळची असते आणि तिचा ओळखक्रमांक निराळा असतो, म्हणून ड्रायव्हर चिकटत नाही. शेवटी ओपनकोअरमध्ये तिला बदललेला ओळखक्रमांक दिला तेव्हा चाललं. दुकानदारानं खोक्यावर नुसतं ५८० लिहिलं होतं. घेताना दुकानातच मशीनला लावून शेडरचा आकडा बघा, आणि क्रिप्टो मायनिंगमधून आलेलं असेल तर पंखे हातानं फिरवून बघा.

---

जकार्डवाला

फार मोलाची माहिती. कार्ड घेणाऱ्यांसाठी थोडी भर: आरएक्स ६६०० चालतं, ६८०० आणि ६९०० चालतात, पण मधलं ६७०० एक्सटी चालत नाही. ६५०० आणि ६४०० पण नाहीत, आणि ७००० मालिका तर नाहीच. आकडा मोठा म्हणजे चालणारच असं धरू नका. कार्ड लावलंत की आतल्या यूएचडी ६३० ला पडदा न चालवता मागून मदत करण्यापुरतं ठेवायचं, त्याचा प्लॅटफॉर्म आयडी वेगळा आहे. आरएक्स ५००० आणि ६००० मालिकांना कॉन्फिगमधल्या बूट आर्ग्युमेंटमध्ये एजीडीपीमॉड=पिकेरा लिहावं लागतं, नाहीतर ॲपलचं चिन्ह जाऊन काळा पडदा येतो.

---

अक्कलकोट_रोड_वायरमन

मला कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही, पण कारखान्यांची वायरिंग करतो म्हणून लिहितो. तुम्ही एवढे नवीन भाग टाकले, अर्थिंग बघितलं का? जुन्या घरांत तीन पिनचा बोर्ड असतो आणि मागे अर्थची तारच नसते. मग कॅबिनेटला उघडा हात लागला की झिणझिण्या येतात. पोरं म्हणतात पीसीला शॉक आहे, सप्लाय खराब आहे. सप्लाय चांगलाच असतो. त्याच्या आत गोंगाट गाळणारे कपॅसिटर लाइनपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ नसली की बॉडीवर निम्मा, म्हणजे ११०-११५ व्होल्ट येऊन बसतो. करंट अगदी कमी, पण टेस्टर पेटतो. त्या अवस्थेत एचडीएमआय लावायला गेलात तर पोर्टचं वाटोळं होऊ शकतं. मीटरवर लाइन-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्ही मोजून घ्या. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनला बोलवा. न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडून देणारे भेटतील, त्यांना घरात घेऊ नका.

---

जकार्डवाला

दादा, हे सगळ्यांनी करावं असं आहे. आमच्या घरी माळ्याखालच्या खोलीत खरोखरच अर्थची तार नव्हती. कारखान्यात होती, तिथे कधी झिणझिण्या आल्या नाहीत. घरी आल्या म्हणून वायरमनला बोलावलं आणि मुख्य बोर्डापासून नवी तार ओढून घेतली, मगच मशीन लावलं.

---

विडीघरकुल_कोडर

दादा, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे आय३-८१०० चा पीसी आहे, एच३१० बोर्ड, कार्ड नाही, रॅम ८ जीबी. तुमच्या मशीनच्या जवळचा आहे म्हणून आशा वाटली. तीन शंका आहेत. बायोसमध्ये सीएफजी लॉक सापडतच नाही. ॲपलचं खातं बंद होईल का? आणि ॲप माझ्या मामाच्या आयफोनवर टाकून दाखवायला पैसे भरावे लागतात का?

---

जकार्डवाला

ताई, तुमचं मशीन चालेल. एच३१० लाही त्याच चार एसएसडीटी लागतात आणि मॉडेलही आयमॅक १९,१ च. आय३-८१०० मध्ये यूएचडी ६३० आहे. मॉनिटर एचडीएमआयचा आहे ना ते आधी बघा. रॅमचं एवढं मात्र करा: आणखी ८ जीबीची एक काडी घाला. ८ जीबीवर एक्सकोड उघडेल, पण सिम्युलेटर आणि ब्राउझर सोबत चालवताना दर वेळी वाट बघत बसावं लागेल.

सीएफजी लॉक स्वस्त बोर्डांत बहुतेक वेळा लपवलेलं असतं. त्यासाठी बायोस फ्लॅश करायला जाऊ नका. कॉन्फिगमध्ये कर्नल विभागात क्वर्क्स आहेत, तिथे ॲपलएक्ससीपीएमसीएफजीलॉक चालू करा, काम होतं.

खात्याबद्दल: जेनएसएमबायोस हे टूल मॅकसारखा सिरीयल नंबर तयार करून देतं. तो ॲपलच्या वॉरंटी तपासायच्या पानावर टाकून बघा. तिथे कुणाच्या तरी खऱ्या मशीनची माहिती आली तर तो वापरायचा नाही, दुसरा तयार करायचा. नंबर अवैध आहे असं उत्तर आलं की तो घ्या. लॅन पोर्ट मॅकओएसला एन०, म्हणजे पहिला आणि बोर्डातलाच, असा दिसतोय ना तेही पाहून मगच लॉगिन करा. आणि घरातल्यांचे फोटो-फोन ज्या खात्यावर आहेत ते इथे वापरू नका, शिकण्यासाठी वेगळं खातं काढा.

पैसे भरायची गरज नाही. सिम्युलेटरला काहीच लागत नाही. खऱ्या आयफोनवरही फुकट खात्यानं ॲप टाकता येतं, फक्त ते सात दिवसांनी चालेनासं होतं, मग पुन्हा टाकायचं. वर्षाला ९९ डॉलर लागतात ते ॲप स्टोअरवर चढवायचं असेल तेव्हा.

---

भुईकोट

ताहो टाकून बघितलं का कुणी? निदान शेवटची आवृत्ती तरी.

---

बाळीवेस

मी दुसऱ्या डिस्कवर टाकून बघितलं. ॲपलनं यादीत इंटेलचे चारच मॅक ठेवलेत: २०१९ चा मॅक प्रो, २०१९ चा १६ इंची मॅकबुक प्रो, २०२० चा चार थंडरबोल्टवाला १३ इंची मॅकबुक प्रो आणि २०२० चा २७ इंची आयमॅक. म्हणजे मॉडेल आयमॅक २०,१ करावं लागतं, आणि त्यात टी२ आल्यानं अपडेटसाठी वेगळी खटपट. शिवाय ताहोमधून ॲपलएचडीए हा आवाजाचा ड्रायव्हर काढून टाकलाय. ॲपलएएलसी त्याच्याच आधारावर उभा होता, त्यामुळे बोर्डावरचा आवाज बंद. यूएसबीचा साऊंड डोंगल लावला की वाजतं. ज्याला काम करायचंय त्यानं सिकोयावरच राहावं, सुरक्षेचे अपडेट त्याला अजून मिळतायत.

---

विडीघरकुल_कोडर

दादा, रॅमची काडी मिळाली, लॅन केबल शेजारच्या काकांकडून आणली. क्वर्क चालू केल्यावर पुढे गेलं, इन्स्टॉलही झालं. पण एचडीएमआयवर बूटच्या ओळी दिसतात आणि नंतर पडदा काळा. मशीन चालू आहे, कॅप्स लॉकचा दिवा लागतो.

---

जकार्डवाला

छान, म्हणजे शेवटचा टप्पा उरलाय. तुमच्या बोर्डानं एचडीएमआय ज्या कनेक्टरवर जोडलंय तो मॅकओएसला डिस्प्लेपोर्ट वाटतोय. डिव्हाइस प्रॉपर्टीजमध्ये ग्राफिक्सच्या जागी फ्रेमबफर पॅच चालू करा आणि तीनही कनेक्टरचा प्रकार एचडीएमआय द्या. तरी काळाच राहिला तर बस आयडी बदलून बघावे लागतील. डोर्टानियाच्या कॉफी लेक डेस्कटॉपच्या पानावर तक्ता आहे. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदल आधी पेन ड्राइव्हवरच्या ईएफआयमध्ये करा, डिस्कवरची चालती प्रत तशीच ठेवा. पुढे अपडेट करतानाही हाच क्रम: आधी ओपनकोअर आणि केक्स्ट नवीन, पेन ड्राइव्हवरून बूट करून खात्री, मग डिस्कवर, मग मॅकओएस.

नाही जमलं तर रविवारी दुपारी कॉन्फिगची फाइल इथे टाका. त्यातले सिरीयल नंबर आणि यूयूआयडी पुसून टाका. मी आणि बहीण दोघं बसून बघतो.

---

विडीघरकुल_कोडर

दुसऱ्या कनेक्टरचा बस आयडी बदलला आणि पडदा आला! आवाज मात्र अजून नाही. कोडेक (आवाजाची चिप) एएलसी८८७ दिसतोय.

---

बाळीवेस

अभिनंदन! ८८७ ला लेआउट आयडी बरेच आहेत. बूट आर्ग्युमेंटमध्ये एएलसीआयडी=१ लिहून बघ. नाही झालं तर २, ३, ५, ७, ११ असे एकेक. दर वेळी पूर्ण रीस्टार्ट कर आणि हेडफोन मागच्या हिरव्या पिनमध्ये लाव, पुढच्यात नको. जो लागू पडेल तो मग डिव्हाइस प्रॉपर्टीजमध्ये कायमचा टाक.